राजीचे पाय आणि देवीचा त्रिशूळ

कलाकृतीचे मर्म उलगडून दाखवणे हे समीक्षकाचे काम, की वाचकाला तिच्या दारापर्यंत हात धरून नेणे हे त्याचे काम, हा वाद आपल्याकडे बराच जुना आहे. मर्म सांगणाऱ्याला पंडित म्हणायचे आणि हात धरणाऱ्याला गाईड लिहिणारा म्हणून हिणवायचे, अशी आपली रीतच पडून गेली आहे. कादंबरीच्या बाबतीत ही रीत खपून जाते. कादंबरी कितीही दुर्बोध असो, पाने उलटीत राहिले की वाचक शेवटच्या पानावर पोचतो. काही उमगले नाही तरी पोचतो. परंतु गेल्या काही दशकांत एक असा प्रकार उदयाला आला आहे की, त्यात वाचकाला दुसऱ्या प्रकरणाच्या उंबरठ्यावरच अडवले जाते, आणि अंगी थोडेफार कसब आल्यावाचून पुढचे पान उलटतच नाही. साहसाचे कठीण व्हिडिओ गेम हा तो प्रकार होय. येथे हात धरणे आणि मर्म सांगणे ही दोन कामे निराळी राहत नाहीत. नवख्याला काय सांगावे याचे नीट उत्तर ज्याला देता आले, त्याला तो खेळ कळला असे मी समजतो.

दिवाळी अंकाच्या पानावर हा विषय पाहून काही रसिकांच्या कपाळाला आठ्या पडतील. त्यांना एवढेच सांगायचे की, आमच्या परतूरला ज्या मुलांना मी शिकवतो त्यांतल्या पुष्कळांनी आयुष्यात एकही कादंबरी पुरी वाचलेली नाही. पण राक्षसाच्या दाराशी तीन तीन रात्री बसून राहिलेली मुले मी पाहिली आहेत. गोष्टीची भूक त्यांची तेथे भागते. तेव्हा कादंबरी लिहिणाऱ्या माणसाने तिकडे पाठ फिरवून बसणे म्हणजे शेजारच्या गावातल्या पाण्याची चव न घेताच ते मचूळ ठरवण्यासारखे आहे. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. त्यामुळे कोणता प्रकार साहित्यात बसतो आणि कोणता बसत नाही, याविषयी विद्यापीठात असते तशी भीड मला नाही.

ज्या खेळाविषयी मुख्यतः लिहायचे आहे तो पुण्यात तयार झालेला आहे. ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ हे त्याचे नाव, नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या लहानशा संस्थेने तो केला. २०१७ साली लोकवर्गणीतून पैसा उभा करण्याचा त्यांचा प्रयत्न फसला. तरी त्यांनी काम सोडले नाही, आणि ऑगस्ट २०२० मध्ये निन्टेन्डोच्या स्विच यंत्रावर व त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात संगणकावर व इतर यंत्रांवर हा खेळ आला. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या खेळांत त्याला नामांकनही मिळाले. पाचसहा तासांत संपणारा, म्हणजे आपल्या भाषेत बोलायचे तर दीर्घकथेच्या आकाराचा हा खेळ आहे. राजी ही जत्रेत कसरती करून पोट भरणारी अनाथ मुलगी. तिचा धाकटा भाऊ गोलू याला असुर पळवून नेतात. दुर्गेचा त्रिशूळ तिच्या हाती येतो, पुढे विष्णूकडून धनुष्य मिळते, आणि महाबलासुरापर्यंतची तिची वाट सुरू होते. राजस्थानी महालांच्या आणि पहाडी चित्रशैलीच्या धर्तीवर सारी दृश्ये रंगवलेली आहेत. एकेका सज्जासमोर, एकेका कमानीखाली थांबून राहावेसे वाटते, आणि नवख्याने तसे थांबावे. घाईने पळत सुटणाऱ्यांनी या खेळाचा निम्मा ऐवज गमावलेला असतो.

आता लढाई. नवखा मुलगा हातात त्रिशूळ आला की काय करतो? तो पाय रोवून उभा राहतो आणि एकच बटण दाबत सुटतो. दोन असुर असतात तोवर हे चालते. चार झाले, आणि त्यांतला एक दुरून बाण मारणारा निघाला, की संपले. अशा मुलाला पहिली गोष्ट सांगावी लागते ती ही की, राजीला उभे करू नकोस. ती योद्ध्याच्या घरातली नाही. तिला कुणी पवित्रा शिकवलेला नाही. शिकवली आहे ती उडी, गिरकी आणि कोलांटी. रिंगणात जे खांब दिसतात ते शोभेसाठी ठेवलेले नाहीत. खांबाला धरून ती गर्रकन फिरते आणि भोवतालचे सगळे असुर एका फटक्यात मागे हटतात. भिंतीवर धावत चढून ती उलटी झेप घेते आणि मघाशी पाठीमागे असलेला शत्रू आता तिच्या त्रिशुळाखाली असतो. म्हणून रिंगणात शिरताच शत्रू मोजण्याआधी खांब मोजावेत, भिंत कोणत्या बाजूला आहे ते पाहावे, आणि गर्दी झाली की आधी खांबाकडे पळावे. दुसरी गोष्ट अशी की, कॅमेरा आपल्या हातात नाही. तो उंचावरून, ठरलेल्या जागेवरून पाहतो; एखादा असुर कमानीआड गेला तर तो आपल्याला दिसत नाही. तेव्हा लढाई आपणच मोकळ्या जागी ओढून आणायची. वार चुकवायचा तो शत्रूचे शस्त्र वर उठताना नव्हे, खाली येऊ लागताना. नवखे सगळे आधीच उडी मारून मोकळे होतात आणि जमिनीवर येता येता वार खातात.

या सूचना वरवर पाहता बटणांच्या आहेत. पण त्या एकत्र ठेवून पाहा. खांब, गिरकी, भिंतीवरची धाव, उलटी झेप : हे सारे कुणाचे आहे? आपल्याकडे हे डोंबाऱ्याच्या पोरीचे आहे. बाजाराच्या दिवशी दोन तिकाट्यांवर दोर बांधून, हातात काठी घेऊन चालणारी आठ-नऊ वर्षांची मुलगी मराठवाड्यातल्या कोणत्या माणसाने पाहिली नाही? बाप खाली ढोलके वाजवतो आणि ती वर पाहतही नाही, खाली पाहतही नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी नावारूपाला आणलेल्या मल्लखांबाशी राजीच्या खांबाचे नाते आहे. विष्णुपंत छत्र्यांनी १८८० साली मुंबईत जी पहिली देशी सर्कस उभी केली, तिच्या झुल्याशीही ते आहे. पुण्यातल्या या मंडळींनी हे सारे मनात धरले होते की नाही याच्याशी मला कर्तव्य नाही. त्यांनी राजीला कसरतवाली केले आणि मग लढाईसुद्धा कसरतीचीच केली, ही त्यांची खरी प्रतिभा. आशय आणि घाट एक व्हावेत असे आपण समीक्षेत उठता बसता म्हणतो. येथे ते एक झालेले बोटांना कळते. जो मुलगा राजीला सैनिकासारखा खेळवतो तो हरतो, आणि जो तिला डोंबाऱ्याच्या पोरीसारखी खेळवतो तो तरतो. व्यक्तिरेखा समजणे हीच जिंकण्याची अट व्हावी, हे भाग्य कादंबरीकाराला कधी लाभत नाही. माझ्या नायकाचा स्वभाव ज्याला मुळीच कळला नाही असा वाचकही माझे पुस्तक वाचून संपवतो आणि वर पत्र पाठवून कळवतो.

परंतु नेमके येथेच माझे या खेळाशी भांडण सुरू होते.

राजीची गोष्ट राजी सांगत नाही. दुर्गा आणि विष्णू हे दोन देव वरून पाहात असतात आणि तिच्या प्रत्येक पावलावर आपसांत बोलत असतात. मुलगी धीट आहे, मुलगी काय करील, आपण हिला निवडले ते योग्य झाले की नाही, अशी ती बोलणी. भिंतींवरच्या चित्रांजवळ ती गेली की देवांच्या जुन्या कथाही ते सांगतात, आणि त्या कथा ऐकायला गोड आहेत यात शंका नाही. परदेशी खेळाडूला तर त्यांची गरजच आहे. पण या संभाषणामुळे काय होते ते पाहावे. बोटांनी आपल्याला शिकवलेले असते की, ही मुलगी वाचली ती तिच्या पायांमुळे. कान मात्र सांगत राहतात की, ती वाचली कारण देवीने तिला निवडले. जसजसा खेळ पुढे जातो तसतशी शस्त्रे वाढतात, त्यांना जडणाऱ्या शक्ती वाढतात, आणि खांबांची गरज कमी होत जाते. शेवटी शेवटी तर चांगल्या शस्त्राला चांगली शक्ती जोडून पाय रोवून लढणारा खेळाडूही निभावून जातो. पहिल्या तासात जो उपदेश अगदी खरा होता तो शेवटच्या तासात लटका पडतो. देवीच्या कृपेविषयी माझा वाद नाही. घरोघर घट बसवणाऱ्या गावात मी राहतो. पण कृपा कसबाच्या मदतीला आली तर कथा वाढते, आणि कृपा कसबाच्या जागी बसली तर नायिका लहान होते. दोरावरून चालणाऱ्या मुलीकडे पाहून ‘तिच्या अंगात देवी आहे’ असे म्हणणाऱ्याने तिची पहाटेपासूनची मेहनत एका वाक्यात पुसून टाकलेली असते. बाजारात आपण तेच करतो, आणि वर चार आणे टाकतो.

हाच प्रश्न जपानच्या एका खेळाने कसा सोडवला आहे ते पाहिले म्हणजे माझे म्हणणे स्पष्ट होईल. ‘सेकिरो’ हा हिदेताका मियाझाकी यांच्या दिग्दर्शनाखाली फ्रॉमसॉफ्टवेअर या संस्थेने २०१९ साली काढलेला खेळ. त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळ म्हणून त्याचा गौरव झाला. जपानातल्या यादवीच्या काळातला एक हात तुटलेला हेर आपल्या बालधन्याचे रक्षण करतो, एवढेच कथानक. याही नायकाला दैवी देणगी आहे : तो मेला तरी उठू शकतो. पण ही देणगी खेळाने कशी वापरली आहे? नायक पुनःपुन्हा मरून उठू लागला की भोवतालच्या, ज्यांच्याशी आपण बोललो, ज्यांनी आपल्याला मदत केली, त्या माणसांना खोकल्याचा रोग जडतो. कृपेची किंमत दुसरा कुणीतरी भरतो. आणि उठून उभे राहिल्यावर लढायचे ते ज्याचे त्यालाच. देणगी शत्रूचा एकही वार कमी करीत नाही.

या खेळाचा नवख्याला करायचा उपदेश राजीच्या अगदी उलट आहे, आणि तो कुस्तीच्या तालमीत गेलेल्या माणसाला चटकन उमगावा. दोन्ही लढणाऱ्यांना प्राणाबरोबर तोलाचे माप दिलेले आहे. शत्रूचा प्राण घोट घोट कमी करीत बसायचे नसते. त्याचा तोल काढायचा असतो. त्याची तलवार अंगावर येताना ऐन क्षणी आपली आडवी घातली की त्याचा तोल ढळतो, आणि तोल पुरता गेला की एका घावात निकाल. मागे मागे सरत राहणाऱ्याला येथे थारा नाही, कारण आपण लांब गेलो की शत्रूचा तोल पुन्हा सावरतो. मात्र तो जखमी असला तर सावरायला वेळ लागतो. म्हणून आधी चार वार अंगावर, मग तोल. आपला तोल गेला असेल तर पळू नये. तलवार आडवी धरून उभे राहावे, तसे उभे राहिल्याने तो लवकर भरून येतो. भाला पोटाच्या रोखाने आला तर नवख्याचे सारे अंग सांगते, मागे हट. खेळ सांगतो, पुढे पाऊल टाक आणि भाला पायाखाली घे. ‘मिकिरी’ नावाचा हा डाव मिळेल तितक्या लवकर शिकून घ्यावा. तो आला म्हणजे निम्मी भीती गेली. तलवार पायांवरून फिरली तर उडी मारायची, मिठीत धरायला आला तर मात्र बाजूला व्हायचे. या तिन्ही वेळी पडद्यावर लाल अक्षर उमटते, पण कोणता वार ते अक्षर सांगत नाही. ते शत्रूच्या खांद्याकडे आणि पायांकडे पाहूनच ओळखावे लागते. वस्ताद दुसरे काय सांगतो? समोरच्याच्या डोळ्यांत बघू नको, खांदे बघ.

आणखी एक युक्ती पोरांना मी आवर्जून सांगतो, कारण तीत लेखकाची करामत आहे. भिंतीआड दडून सैनिकांचे बोलणे ऐकावे. लाल डोळ्यांचे राक्षस आगीला भितात, हे ज्ञान असेच कानावर पडते, आणि पुढे साखळदंडातल्या राक्षसाशी गाठ पडली की आगीचे यंत्र हाताशी असावे लागते. जनावरे फटाक्यांना बिचकतात. घोड्यावरून येणाऱ्या ग्योबू सरदाराचा घोडासुद्धा. (दिवाळीत हे वेगळे सांगायला नको.) जुन्या मोडक्या देवळाच्या आवारात हानबेई नावाचा एक माणूस उभा असतो. त्याला मरण नाही आणि मरण हवे आहे. तो आपल्यावर हवे तितके डाव करून पाहू देतो. सरावाच्या बाहुल्याला इतके दुःख देणारा लेखक सामान्य नव्हे.

मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ या पुस्तकात लयीची संवाद, विरोध आणि समतोल अशी तीन तत्त्वे मांडली. या मांडणीवर आपल्याकडे पुष्कळ शाई सांडली. ‘सेकिरो’तल्या एखाद्या चांगल्या झुंजीत ही तिन्ही तत्त्वे हाताला लागतात : तलवारीला तलवार भिडते तो विरोध, दोघांच्या वारांचा एक ठेका बसतो तो संवाद, आणि तोलाचे माप तर नावानेच समतोल. मर्ढेकरांना असे उदाहरण चालले असते की नाही हे कोण सांगणार! मला ते वर्गात फार उपयोगी पडते एवढे खरे.

२०१९ साली या खेळावर जगभर एक वाद झाला. सोपा, मध्यम, कठीण अशा पायऱ्या त्यात ठेवलेल्याच नाहीत. सर्वांना एकच परीक्षा. हे निर्दय आहे असे काहींचे म्हणणे, आणि कठीणपणा काढला तर उरते काय असा इतरांचा सवाल. शिक्षकाला हा वाद घरचा वाटतो. आठवीपर्यंत कुणाला नापास करायचे नाही असा २००९ च्या कायद्याने नियम आला, २०२३ साली आपल्या राज्यात पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आली, आणि शिक्षकांच्या खोलीत अजून दोन तट आहेत. मला दोन्ही तटांचे बोलणे अर्धवट वाटते. ‘सेकिरो’त मेल्यावर जवळची निम्मी नाणी जातात, आणि पुढच्या कौशल्यगुणाकडे जेवढी वाटचाल झाली असेल तिच्यातलीही निम्मी जाते. पण एकदा पुरा मिळवलेला गुण जात नाही. (म्हणून नाणी जमली की त्यांच्या थैल्या विकत घेऊन ठेवाव्यात, थैली मरणात बुडत नाही.) शिवाय हरल्यावर लगेच, त्याच ठिकाणी, त्याच शत्रूपुढे उभे राहता येते, आणि कोणत्या वाराने मेलो हे डोळ्यांनी पाहिलेले असते. दहावीला गणितात गेलेला माझा एक विद्यार्थी पुन्हा परीक्षेला बसला नाही. कापसाच्या जिनिंगवर लागला. तोच मुलगा गेनिचिरो नावाच्या धनुर्धराशी आठवडाभर झुंजत होता. त्याला मी विचारले, ‘अरे, इतके तिथे सोसतोस, इथे का नाही?’ तो म्हणाला, ‘सर, तिथं कळतं ना कुठं चुकलं ते. पेपरात नुसता भोपळा येतो.’ याला माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि अजून सापडलेले नाही. सोपी पायरी ठेवायला माझी हरकत नाही. पण ती ठेवली म्हणजे काम झाले असे ज्यांना वाटते त्यांनी या मुलाशी एकदा बोलावे.

पालकांचा मात्र सगळाच राग एका पिशवीत असतो. २०२० साली पबजीवर बंदी आली तेव्हा गावात पेढे वाटायचे तेवढे बाकी होते. पुढे पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांनी किती घरे पोखरली हे सर्वांनी पाहिले, आणि २०२५ साली संसदेने त्यावर बंदीचा कायदा केला, हे योग्यच झाले. पण पत्त्यांच्या जुगाराचा राग बुद्धिबळावर काढू नये. ज्या खेळाला शेवट आहे, जो एकदा विकत घेतल्यावर पुन्हा खिशात हात घालीत नाही आणि ज्यात हरण्याचे कारण आपल्याच हातात असते, त्याची जात वेगळी. झोप मात्र तोही खातो. ते बापाने पाहावे.

‘राजी’कडे पुन्हा वळतो. तिची मला सर्वांत सलणारी गोष्ट तिचा शेवट आहे. महाबलासुराशी गाठ पडते, झुंज होते, आणि कथा मध्येच तुटावी तशी थांबते. अपुरा शेवट हा दोष नव्हे. लघुकथेत तर तो अलंकार मानला जातो. पण अपुरा शेवट कशाचा तरी असावा लागतो. भावाला शोधायला निघालेली मुलगी स्वतःच्या बळावर इथवर आली की निवडली गेल्यामुळे, हा प्रश्न जर खेळाने कुठे उघडपणे विचारला असता, तर त्याचे उत्तर न देता थांबणे शोभले असते. तो प्रश्न फक्त बोटांना पडतो. देवांच्या बोलण्यात तो येतच नाही. म्हणून शेवटी हुरहूर लागत नाही, हिशेब अर्धा राहिल्यासारखे वाटते. २०२२ साली या खेळाची सुधारलेली आवृत्ती आली आणि तीत हिंदी आवाज आले; त्याने बोलण्याला मातीचा वास आला, राजी जवळची वाटू लागली. तरी बोलतात जास्त ते देवच.

असे असूनही नवख्याने आरंभ ‘राजी’पासूनच करावा असे मी सांगतो. ती लहान आहे, पडल्यावर फार मागे ढकलीत नाही, आणि तिच्यातली फिरत्या कड्यांची चित्रकोडी मधूनमधून हाताला विसावा देतात. ‘सेकिरो’ नंतर घ्यावा, आणि तेव्हा राजीने शिकवलेले पळणे विसरून जावे. दोन्हींसाठी कळफलकापेक्षा हातात धरायचा कंट्रोलर बरा. उसना मिळाला तरी चालेल. रात्री दहानंतर नवा राक्षस सुरू करू नये, सकाळी तोच राक्षस निम्मा वाटतो. आणि आमच्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नसल्यामुळे, लॅपटॉपची बॅटरी पुरती भरल्यावाचून महाबलासुराच्या दारात पाऊल टाकू नये.